ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सला कोणते तेल घालावे: ‘लाल तेला’ची बाटली उघडण्यापूर्वी

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या भागात तालुक्याच्या गावी स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन ‘ऑटोमॅटिक गाडीचे तेल द्या’ असे म्हटले, की दुकानदार फळीवरून लाल तेलाची एक बाटली काढून देतो. तीच बाटली ट्रॅक्टरच्या आणि जीपच्या पॉवर स्टीअरिंगला जाते, म्हणून तिला कुणी ‘स्टीअरिंग तेल’ म्हणते, तर कुणी नुसते ‘लाल तेल’. दुकानदाराच्या मनात फसवणूक नसते. ‘सगळ्यायच्या गाडीत हेच जाते न भाऊ’ हे त्याचे वाक्य त्याच्या अनुभवापुरते खरेच असते, कारण आजवर त्याच्याकडे आलेल्या बहुतेकांना ते स्टीअरिंगसाठीच हवे होते. आता मात्र नागपूर-पुण्याकडून वापरलेल्या ऑटोमॅटिक गाड्या गावोगावी येऊ लागल्या आहेत, आणि त्यांच्या गिअरबॉक्सला ते तेल चालेलच असे नाही.

माझ्या चुलतभावाने अशीच एक सीव्हीटी, म्हणजे पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या गिअरबॉक्सची गाडी घेतली होती. सर्व्हिसिंगच्या वेळी जवळच्या गॅरेजमध्ये तिच्यात हे लाल तेल भरले गेले आणि आम्ही दोघेही तिथे उभे राहून पाहत होतो. काही आठवड्यांतच चढावर इंजिन नुसते ओरडू लागले आणि गाडी पुढे सरकेना. गिअरबॉक्स उघडला तेव्हा पट्टा आणि पुली दोन्ही घासून गेलेले होते. त्या वर्षीच्या कापसाचे बहुतेक पैसे त्या दुरुस्तीत गेले. नव्याने ऑटोमॅटिक गाडी घेणाऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये, एवढ्यासाठी तेलाची निवड कशी करावी हे येथे क्रमाने लिहीत आहे.

पहिली पायरी: गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

क्लच पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला आपण ऑटोमॅटिक म्हणतो. पण त्या नावाखाली निदान चार वेगवेगळी यंत्रे येतात आणि चौघांचे तेल वेगळे असते.

सर्वांत स्वस्त आणि आपल्याकडे सर्वाधिक दिसणारी जात म्हणजे एएमटी. मारुतीच्या गाड्यांत हिलाच एजीएस म्हणतात. आतला गिअरबॉक्स साधा, हाताने बदलण्याच्या गिअरसारखाच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम एक यंत्रणा करते. त्यामुळे यात ऑटोमॅटिकचे लाल तेल घालायचे नसून, कंपनीने सांगितलेले साधे गिअर ऑइलच घालायचे असते. काही गाड्यांत ती यंत्रणा चालवण्यासाठी थोडे वेगळे हायड्रोलिक तेल एका छोट्या टाकीत असते. त्याची आणि गिअर ऑइलची सरमिसळ करू नये. ओळख सोपी आहे. आपल्याकडच्या बहुतेक एएमटी गाड्यांच्या गिअरच्या दांड्यावर ‘पी’, म्हणजे पार्किंगची खूण नसते.

दांड्यावर ‘पी’ असेल तर गाडी उरलेल्या तीन जातींपैकी एक असण्याची शक्यता मोठी. पहिली टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे खऱ्या अर्थाने जुनी ऑटोमॅटिक, जिच्यात इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे जाते. इनोव्हा क्रिस्टाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स या जातीचा आहे. दुसरी सीव्हीटी, जिच्यात गिअरच्या चाकांऐवजी दोन पुली आणि त्यांवर फिरणारा पोलादी पट्टा असतो. होंडा सिटीच्या अलीकडच्या ऑटोमॅटिक गाड्यांत ही दिसते. तिसरी डीसीटी, जिच्यात दोन क्लच असतात. फोक्सवॅगन आणि स्कोडा तिला डीएसजी म्हणतात. यातही काहींचे क्लच तेलात बुडालेले असतात आणि काहींचे कोरडे असतात, आणि दोन्हींचे तेल सारखे नसते.

हा फरक एवढा ताणून सांगण्याचे कारण असे, की चुकीच्या जातीचे तेल हे चुकीच्या मानकाच्या तेलापेक्षा कितीतरी अधिक घातक असते. टॉर्क कन्व्हर्टरच्या तेलाने क्लचच्या चकत्या अलगद, झटका न देता धराव्यात अशी अपेक्षा असते. सीव्हीटीच्या तेलाने मात्र पोलादी पट्ट्याला पोलादी पुलीवर घट्ट पकड द्यावी आणि तरीही धातू घासू देऊ नये, अशी जवळजवळ परस्परविरोधी अपेक्षा असते. एकाचे तेल दुसऱ्यात घातले की पट्टा सरकू लागतो. आमच्या गाडीत नेमके हेच झाले.

दुसरी पायरी: आपल्या गाडीच्या मानकाचे नाव शोधा

प्रत्येक कंपनी आपल्या गिअरबॉक्ससाठी एक मानक ठरवते आणि त्याला नाव देते. टोयोटाच्या गाड्यांत आधी टी-४ होते, मग डब्ल्यूएस आले. ह्युंदाई आणि किआच्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत एसपी-३ आणि नंतर एसपी-४ ही नावे दिसतात. होंडाच्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांना डीडब्ल्यू-१ लागते, तर तिच्या अलीकडच्या सीव्हीटीला एचसीएफ-२. निसानच्या सीव्हीटीला एनएस-२ किंवा एनएस-३ लागते. जनरल मोटर्सचे डेक्सरॉन आणि फोर्डचे मर्कॉन ही नावे तर इतर कंपन्यांच्या बाटल्यांवरही छापलेली असतात, कारण या क्षेत्रात ती सर्वांत जुन्या नावांपैकी आहेत. जनरल मोटर्सने ‘टाइप ए’ हे पहिले मानक १९४९ मध्ये काढले होते, आणि आपण ज्याला लाल तेल म्हणतो ते त्याच घराण्यातले आहे.

हे नाव आपल्याला गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या भागात, जिथे इंधनाची टाकी, कूलंट आणि टायरची हवा यांचे आकडे असतात, तिथे मिळते. वापरलेल्या गाडीसोबत पुस्तिका येतेच असे नाही. अशा वेळी कंपनीच्या संकेतस्थळावरून गाडीचे मॉडेल आणि वर्ष यांनुसार ती उतरवून घेता येते. मात्र आरसी बुकावरचे उत्पादनाचे वर्ष आणि महिना तपासूनच पुस्तिका निवडावी, कारण एकाच नावाच्या गाडीत मधल्या वर्षी गिअरबॉक्स बदललेला असू शकतो. काही गाड्यांत तेल मोजण्याच्या पट्टीवर किंवा तेल भरण्याच्या नटावरच मानकाचे नाव कोरलेले असते. टोयोटाच्या काही गाड्यांत नटावर ‘डब्ल्यूएस’ असे स्पष्ट वाचता येते. यातले काहीही हाती लागले नाही, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून चासी नंबर सांगावा आणि मिळालेले नाव लिहून घ्यावे. गाडीच्या आधीच्या मालकाचे सांगणे या कामी ग्राह्य धरू नये, कारण त्याच्या काळात आत काय गेले हे त्यालाही ठाऊक नसण्याचा संभव असतो.

तिसरी पायरी: एकाऐवजी दुसरे चालते का, ते पाहा

नाव मिळाल्यावर नेमके तेच तेल गावात मिळत नाही, असे बहुधा होते, आणि मग ‘त्याच्या जागी हे चालेल का’ हा प्रश्न उभा राहतो. याचे उत्तर कंपनीच्या लेखी सांगण्यावर अवलंबून असते, अंदाजावर नाही. काही नवी मानके जुन्यांची जागा घेण्यासाठीच बनवलेली आहेत. उदाहरणार्थ, २००५ मध्ये आलेले डेक्सरॉनचे सहावे मानक जुन्या डेक्सरॉन तीनच्या जागी घालता येते, पण सहावे मागणाऱ्या गाडीत तिसरे घालता येत नाही. होंडाचे डीडब्ल्यू-१ हेही त्यांच्या आधीच्या झेड-१ तेलाच्या जागी चालते. उलट टोयोटाचे डब्ल्यूएस आणि टी-४ ही दोन्ही एकाच कंपनीची असली, तरी एकमेकांच्या जागी घालू नयेत. होंडाच्या जुन्या सीव्हीटीचे एचएमएमएफ आणि नव्या सीव्हीटीचे एचसीएफ-२ यांचेही तसेच आहे. ‘नवे ते जुन्याला चालते’ असा सरसकट नियम करता येत नाही, हे या उदाहरणांवरून दिसेल.

येथे आपल्या भागातल्या एका समजुतीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. ‘आपल्याकडे ऊन फार, म्हणून घट्ट तेल टाका’ असे अनेक अनुभवी मिस्त्रीही सांगतात. ही समजूत ट्रॅक्टर आणि जुन्या डिझेल इंजिनांवरून आलेली आहे आणि तिथे तिला काही आधारही आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मात्र तेल हे नुसते वंगण नसते. ते पंपातून दाबाखाली निघून वाल्व बॉडीतल्या, म्हणजे तेलाची दिशा ठरवणाऱ्या भागातल्या, बारीक वाटांतून जाते, क्लचच्या चकत्या दाबते, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे नेते आणि शेवटी साऱ्या यंत्राची उष्णताही बाहेर काढते. या वाटांची रुंदी, स्प्रिंगांचा जोर आणि संगणकाने ठरवलेल्या वेळा, हे सगळे एका ठरावीक घट्टपणाचे तेल गृहीत धरून आखलेले असते. जुन्या डेक्सरॉन तीनचा घट्टपणा १०० अंश सेल्सिअसला साधारण ७ सेंटिस्टोक्सच्या (घट्टपणा मोजण्याचे एकक) पुढे असे. सहाव्या मानकाचा सुमारे ६ आहे, आणि अलीकडची तेले त्याहूनही पातळ आहेत. पातळ तेलासाठी घडवलेल्या गिअरबॉक्समध्ये घट्ट तेल घातले, तर सकाळी गिअर उशिरा पडतात, दाब चुकतो आणि घुसळण वाढल्यामुळे उष्णताही वाढते. म्हणजे उन्हाचा उपाय म्हणून घातलेले तेल गिअरबॉक्स अधिकच तापवते.

दुसरी गोष्ट घर्षणाची. अलीकडच्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरच्या आत एक क्लच असतो आणि तो मुद्दाम किंचित सरकत ठेवलेला असतो. तो सरकताना थरथरू नये म्हणून तेलात अगदी थोड्या प्रमाणात विशिष्ट रसायने घातलेली असतात. ती चुकीची असली, तर ताशी ५० ते ७० किलोमीटरच्या वेगात, पाय हलका ठेवला असताना, गाडी दोन-तीन सेकंद खडीवरून चालल्यासारखी थरथरते. पूर्वी अमेरिकेत या रसायनांच्या जागी स्पर्म व्हेल माशाच्या तेलाचा अंश वापरत असत. १९७० च्या दशकात त्यावर बंदी आली, तेव्हा तेल कंपन्यांना त्याचा पर्याय शोधताना बराच त्रास झाला. एवढ्याशा घटकावर साऱ्या यंत्राचा सुरळीतपणा अवलंबून असतो, हे तेव्हापासून सर्वांना माहीत आहे.

रंगावरून मात्र काहीही ठरवू नये. लाल रंग हा तेलात मुद्दाम घातलेला असतो. इंजिन ऑइलपासून वेगळे ओळखू यावे आणि गळती झाली तर लगेच कळावे, एवढाच त्याचा उपयोग. काही सीव्हीटी तेले हिरवट किंवा निळसर असतात, काही डीसीटी तेले पिवळसर असतात, आणि दोन लाल तेलांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. त्याचप्रमाणे ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशन व हायड्रोलिकचे तेल, म्हणजे ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरला घालतात ते, कारच्या गिअरबॉक्समध्ये कधीही घालू नये, मग घरात त्याचा अर्धा ड्रम शिल्लक असला तरी.

चौथी पायरी: बाटलीवरचा मजकूर वाचा

दुकानात बाटली हातात आल्यावर पुढचा मोठा मजकूर सोडून मागची बारीक अक्षरे वाचावीत. तिथे दोन प्रकारची वाक्ये असतात. ‘अप्रूव्हड’ किंवा ‘लायसन्स्ड’ असे लिहिलेले असेल, तर गाडीच्या कंपनीने ते तेल तपासून मान्य केलेले असते. डेक्सरॉनच्या खऱ्या बाटलीवर तर परवान्याचा क्रमांकही छापलेला असतो. ‘सुटेबल फॉर’ किंवा ‘रेकमेंडेड फॉर’ असे लिहिलेले असेल, तर तो तेल विकणाऱ्याचा दावा असतो. असा प्रत्येक दावा खोटा असतो असे नाही. नावाजलेल्या तेल कंपन्यांची, अनेक गाड्यांना चालणारी तेले टॉर्क कन्व्हर्टरच्या जुन्या गाड्यांत नीट चाललेली मी पाहिली आहेत. तरीही सीव्हीटी आणि डीसीटीसाठी माझे मत स्पष्ट आहे: गाडीच्या कंपनीच्या नावाचेच तेल, अधिकृत पार्ट काउंटरवरून, पक्के बिल घेऊन आणावे. त्यासाठी वर्धा, यवतमाळ, अमरावती किंवा नागपूरपर्यंत एक चक्कर पडली, तरी ती दुरुस्तीच्या खर्चापुढे काहीच नाही.

सील, बॅच नंबर आणि पॅकिंगचा महिना पाहून घ्यावा. सुटे तेल, म्हणजे डब्यातून मापाने ओतून दिलेले, अजिबात घेऊ नये. तेलाला चांगले बनवणारी ‘जादा ताकदी’ची औषधे दुकानात मिळतात, त्यांचीही गरज नाही, कारण आधी सांगितलेला घर्षणाचा तोल त्यांनी बिघडू शकतो.

पाचवी पायरी: तेल किती आणि कसे भरावे

तेल बदलताना आतले सगळे तेल बाहेर येत नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या बहुतेक गाड्यांत चेंबरचा नट काढल्यावर साधारण निम्मे किंवा त्याहून कमीच निघते. उरलेले कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहते. म्हणून नवे तेल जुन्यात मिसळणारच आहे, हे लक्षात ठेवून निवड करावी. आत काय आहे याची खात्री नसलेल्या गाडीत योग्य तेल भरून काही शे किलोमीटर चालवावे आणि पुन्हा एकदा काढून भरावे, म्हणजे जुन्याचे प्रमाण बरेच कमी होते.

काम करताना एक सवय लावून घ्यावी: आधी तेल भरण्याचा नट सैल करून पाहावा आणि मगच काढण्याचा नट उघडावा. भरण्याचा नट गंजून अडकला असेल आणि तेल आधीच खाली गेले असेल, तर गाडी जागची हलवता येत नाही. काही गाड्यांत इंजिन ऑइलचा नट आणि गिअरबॉक्सचा नट जवळजवळ असतात; चुकून गिअरबॉक्स रिकामा करून इंजिनात दुप्पट तेल भरल्याचे प्रकार घडतात, म्हणून नट उघडण्यापूर्वी पुस्तिकेतले चित्र मिस्त्रीला दाखवावे. निघालेले तेल स्वच्छ मापात मोजावे आणि प्रथम तेवढेच भरावे.

त्यानंतर लेव्हल तपासायची. पट्टी असलेल्या बहुतेक गाड्यांत सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, दांडा सगळ्या खुणांतून फिरवून ‘पी’ वर आणल्यावर ती पाहतात. काही कंपन्या इंजिन बंद करून पाहायला सांगतात, म्हणून पुस्तिका वाचावी. पट्टी नसलेल्या गाड्यांत खालच्या बाजूला लेव्हलचा नट असतो आणि तेल ठरावीक तापमानाला असताना तो उघडून, जादा तेल बारीक धारेने थांबेपर्यंत वाहू द्यायचे असते. हे तापमान अनेक गाड्यांत ४० अंशांच्या आसपास, तर काहींत ५० ते ६० अंश असते आणि ते गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर पाहावे लागते.

आता आपल्याकडची अडचण पाहा. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीचे तेल, इंजिन सुरू करण्यापूर्वीच, लेव्हल पाहण्याच्या ४० अंशांपुढे गेलेले असू शकते. तेल तापले की फुगते, जास्तीचे वाहून जाते आणि नट बसवल्यावर गिअरबॉक्समध्ये ते प्रत्यक्षात कमी राहते. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे, रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीवर करावे किंवा जमल्यास पावसाळा लागेपर्यंत थांबावे. कमी तेलाने पंप हवा ओढतो आणि जास्त तेलाने फेस होतो. दोन्हींत दाब पडतो.

केव्हा बदलावे आणि कोणत्या खुणांनी थांबावे

काही कंपन्या गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ असल्याचे सांगतात. त्याच पुस्तिकेत पुढे ‘कठीण परिस्थिती’साठी वेगळे वेळापत्रक असेल, तर ते आपले समजावे, अति उष्णता, धूळ, ओझे आणि थांबत-थांबत चालणे ही त्या परिस्थितीची वर्णने वाचली, तर उन्हाळ्यातल्या लग्नसराईत सात माणसे घेऊन पांदण रस्त्याने जाणारी गाडीच डोळ्यांसमोर येते. तेलाचे तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा जाणकारांचा ठोकताळा आहे. समृद्धी महामार्गावर भर दुपारी तासन्‌तास पूर्ण वेगाने गाडी पळवणाऱ्यांनीही तो ध्यानात ठेवावा.

तेल काळे पडले आणि त्याला जळका वास आला, तर बदलण्याआधी जाणकाराला दाखवावे. ते गुलाबी, दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, आणि याची आपल्याकडे दोन नेहमीची कारणे आहेत. एक म्हणजे पुराच्या नाल्यातून गाडी घालणे. दुसरे म्हणजे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरत राहणे. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो, आणि तो क्षाराने व गंजाने फुटला की पाणी आणि तेल एकमेकांत मिसळतात. अशी गाडी सुरू करू नये.

चुकीचे तेल भरले गेल्याचे लगेच लक्षात आले, तरीही इंजिन सुरू करू नये. तेल काढून योग्य तेल भरले, तर नुकसान बहुधा टळते. गाडी चालवल्यानंतर लक्षात आले असेल, तर तिथेच थांबावे आणि ती ट्रॅक्टरला दोर बांधून ओढून आणू नये. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर चालतो, आणि इंजिन बंद असताना चाके फिरली की आतले भाग वंगणाविना फिरतात. चारही चाके वर घेणारी गाडी मागवावी. ती मिळत नसेल तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची निदान पुढची दोन चाके तरी उचलून न्यावीत. काढलेले तेल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये; डब्यात भरून, जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

तेल भरून झाल्यावर मानकाचे नाव, किती लिटर भरले, तारीख आणि किलोमीटर हे एका जाड कागदावर मराठीत लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावे, आणि मानकाचे नाव मात्र बाटलीवर जसे छापले आहे तसेच उतरवावे, म्हणजे आपण घरी नसताना गाडी गॅरेजला गेली तरी मिस्त्रीला विचारण्याची गरज पडणार नाही.